वसाहतवादाचे प्रकार आणि आपला धंदा



गेल्या महिन्यात दुकानावर कॉलेजात शिकणारा एक मुलगा आला होता. परीक्षेची तयारी चालली होती. त्याने विचारले, "चाचा, वसाहतवाद म्हणजे एमआयडीसीचा काही संबंध आहे का?" बसलेले सगळे हसले. परंतु मुलाचा प्रश्न वेडगळ नव्हता. आमच्या भागात 'वसाहत' म्हटले की अंबरनाथची औद्योगिक वसाहतच डोळ्यांपुढे येते. आम्ही उर्दू शाळेत शिकलो तेव्हा याच विषयाला 'नौआबादियात' म्हणत. नौआबादी म्हणजे नवी वस्ती. मराठीतील वसाहत आणि उर्दूतील नौआबादी यांचा अर्थ एकच. अडचण अशी की, इंग्रज आपल्या देशात वस्ती करायला फारसे आलेच नाहीत. मूठभर साहेब आले, नोकरी केली, पेन्शन घेऊन परत गेले. मग ही वसाहत कसली? या प्रश्नाचे उत्तर शोधताना लक्षात येते की वसाहतवाद एक नव्हता. त्याचे अनेक प्रकार होते, आणि प्रत्येक प्रकारात हातात धरायची वस्तू वेगळी होती. आजच्या लेखात आपण ते प्रकार व्यापाऱ्याच्या नजरेने पाहू.

आम्ही उल्हासनगरच्या कॅम्प १ मध्ये कपड्याचा धंदा करतो. गिऱ्हाईक विचारते, "दुकान कुठे?" आम्ही सांगतो, "कॅम्प एक, शहाड स्टेशनच्या बाजूला." हा 'कॅम्प' शब्द कोठून आला याचा विचार किती जण करतात? दुसऱ्या महायुद्धाच्या काळात इंग्रज सरकारने कल्याणजवळ सैनिकांसाठी छावणी उभारली. युद्ध इंग्रजांचे, जमीन इथली. फाळणीनंतर याच छावणीच्या बराकींत सिंधमधून घरदार सोडून आलेल्या निर्वासितांना ठेवण्यात आले. ८ ऑगस्ट १९४९ रोजी गव्हर्नर जनरल राजगोपालाचारी यांच्या हस्ते वस्तीचा पाया घातला गेला आणि उल्हास नदीवरून उल्हासनगर हे नाव मिळाले. छावणीचे आकडे मात्र तसेच राहिले. म्हणजे आमच्या बिलावर छापलेला पत्ता हाच वसाहतवादाच्या अखेरच्या दिवसांची एक निशाणी आहे.

पहिला प्रकार : वाट अडवणे

सर्वांत आधी पोर्तुगीज आले. १५१० मध्ये अल्बुकर्कने विजापूरच्या आदिलशाहीकडून गोवा घेतला. १५३४ मध्ये गुजरातचा सुलतान बहादूरशाह याच्याकडून त्यांना वसई मिळाली. पोर्तुगिजांची माणसे थोडी होती. देशाच्या आत शिरून राज्य करण्याची त्यांची ताकद नव्हती. म्हणून त्यांनी समुद्राची वाट धरली. जो व्यापारी जहाज घेऊन निघेल त्याने पोर्तुगिजांकडून परवाना घ्यायचा. या परवान्याला 'कार्ताझ' म्हणत. परवाना नसेल तर जहाज जप्त. परवाना असेल तर त्यांच्या बंदरात थांबून जकात भरायची. माल तुमचा, जहाज तुमचे, समुद्र अल्लाहचा, आणि पैसे पोर्तुगिजांना.

बादशाहाच्या घरालाही यातून सुटका नव्हती. जहांगीर बादशाहाच्या आईचे 'रहिमी' नावाचे मोठे जहाज हजच्या यात्रेकरूंची आणि मालाची ने-आण करीत असे. परवाना असूनही १६१३ मध्ये पोर्तुगिजांनी ते पकडून नेले. बादशाह संतापला, दमणवर फौज पाठवली गेली. यातून एक गोष्ट स्पष्ट होते. परवाना विकत घेतला म्हणजे संरक्षण मिळाले असे नाही. परवाना देणारा स्वतःच लुटणारा असेल तर त्या कागदाची किंमत त्याच्या मर्जीइतकीच असते. पुढे कान्होजी आंग्रे यांनीही आपले दस्तक चालू केले. इंग्रजांनी त्यांना चाचा ठरवले. स्वतःच्या पासाला कायदा म्हणायचे आणि दुसऱ्याच्या पासाला लूट, ही रीत तेव्हापासूनची आहे. १७३९ मध्ये चिमाजी अप्पांच्या फौजेने वसई जिंकली. गोवा मात्र १९ डिसेंबर १९६१ पर्यंत पोर्तुगिजांकडेच राहिला.

दुसरा प्रकार : पेशगी देऊन बांधणे

इंग्रजांची कंपनी १६०० मध्ये स्थापन झाली आणि १६१३ मध्ये जहांगीरच्या फर्मानाने तिला सुरतेत वखार मिळाली. तेव्हा ती कोणाची मालक नव्हती. सुरतेचे सावकार विरजी व्होरा कंपनीला कर्ज देत. मुल्ला अब्दुल गफूर यांच्या मालकीची जहाजे इतकी होती की १७१८ मध्ये त्यांचा इंतकाल होईपर्यंत त्यांच्या बरोबरीचे व्यापारी थोडेच होते. आपले लोक धंद्यात कच्चे होते म्हणून हरले, हा समज यासाठीच चुकीचा आहे.

कंपनीला हवा होता कपडा. त्यासाठी दलालांमार्फत विणकरांना पेशगी दिली जाई. तिला 'दादनी' म्हणत. सुताला आणि घरखर्चाला पैसे आधी, थान नंतर. यात वाईट काही नव्हते. आजही आपला धंदा असाच चालतो. दादनी घेतलेला विणकर दुसऱ्या गिऱ्हाइकाकडे जाऊ शकत होता, कारण गिऱ्हाइके पुष्कळ होती. डच होते, फ्रेंच होते, आर्मेनियन होते, आपले देशी व्यापारी होते.

१७५३ मध्ये कंपनीने बंगालमध्ये मधले दादनी व्यापारी काढून टाकले आणि स्वतःचे पगारी गुमास्ते नेमले. १७५७ मध्ये प्लासीची लढाई जिंकल्यावर त्या गुमास्त्याच्या पाठीशी शिपाई उभा राहिला. मग पेशगीचा अर्थच बदलला. विणकराने ती नाकारायची नाही, थानाचा भाव गुमास्ता ठरवणार, आणि दुसऱ्याला माल विकला तर गुन्हा. पैसे तेच, वही तीच. फरक एवढाच पडला की देणाऱ्याच्या हातात आता दंडुका होता.

याच काळातली एक हकिकत प्रत्येक व्यापाऱ्याने लक्षात ठेवावी. १७१७ च्या बादशाही फर्मानाप्रमाणे कंपनीच्या मालाला बंगालमध्ये जकात माफ होती. कंपनीचे नोकर ही सवलत स्वतःच्या खासगी धंद्यालाही लावू लागले. देशी व्यापारी जकात भरून स्पर्धा कशी करणार? नवाब मीर कासिम याने तक्रार केली, कोणी ऐकले नाही. शेवटी त्याने १७६३ मध्ये सर्वांचीच जकात माफ करून टाकली. आता सगळे सारखे! त्यावर कंपनी लढाईला उभी राहिली. तिला सवलत नको होती, दुसऱ्याला सवलत नसणे हवे होते. १७६४ मध्ये बक्सरला नवाबाची बाजू हरली आणि १७६५ मध्ये बंगालची दिवाणी कंपनीकडे गेली. तेव्हापासून कपडा खरेदीचे पैसेसुद्धा विलायतेहून आणण्याची गरज उरली नाही. बंगालच्या रयतेने भरलेल्या महसुलातूनच बंगालचा माल विकत घेतला जाऊ लागला.

तिसरा प्रकार : जमीन आणि महसूल

महाराष्ट्रात इंग्रजी राज्य १८१८ मध्ये पेशवाई संपल्यावर पक्के झाले. त्याची सुरुवात वसईलाच झाली होती. ३१ डिसेंबर १८०२ रोजी दुसऱ्या बाजीरावाने वसईचा तह करून इंग्रजांची फौज आपल्या खर्चाने ठेवून घेतली होती. आता वाट नव्हे, थान नव्हे, जमीनच हातात आली. रयतवारी पद्धतीत शेतकऱ्याने सारा रोख भरायचा. पाऊस पडो न पडो, तारीख ठरलेली. रोख कोठून आणायची? सावकाराकडून. म्हणजे सरकारने सावकार नेमला नव्हता, पण सावकाराशिवाय सरकारचा महसूल जमत नव्हता.

१८६१ ते १८६५ या काळात अमेरिकेत यादवी युद्ध झाले, तिकडचा कापूस बंद झाला आणि आपल्या कापसाला सोन्याचा भाव आला. मुंबईत शेअरचा जुगार सुरू झाला. दख्खनच्या शेतकऱ्याला सावकार न मागता कर्ज देऊ लागला. १८६५ मध्ये युद्ध संपले आणि भाव कोसळले. मुंबईच्या कंपन्या बुडाल्या, बँक बुडाली. शेतकऱ्याचे कर्ज मात्र बुडाले नाही. १२ मे १८७५ रोजी पुणे जिल्ह्यातील सुपे गावी शेतकऱ्यांनी सावकारांची दुकाने फोडली. लोण नगर जिल्ह्यातही गेले. या दंगलीत लोकांचा रोख कर्जरोख्यांवर होता. कागद मिळाले की जाळायचे. १८७९ मध्ये सरकारला शेतकऱ्यांच्या कर्जासाठी वेगळा कायदा करावा लागला.

चौथा प्रकार : कर्जाच्या नावाखाली ताबा

या प्रकारात राजा गादीवर राहतो, झेंडा राहतो, नाणे राहते. फक्त कमाईचा तुकडा निघून जातो. आपल्या महाराष्ट्रातले याचे ठळक उदाहरण म्हणजे वऱ्हाड. हैदराबादच्या निजामावर इंग्रज अधिकाऱ्यांच्या हाताखालची फौज लादलेली होती. खर्च निजामाचा, हुकूम इंग्रजांचा. पगार थकत गेले, थकबाकी कर्ज झाली. १८५३ च्या तहाने त्या कर्जापोटी आणि फौजेच्या खर्चापोटी वऱ्हाड इंग्रजांच्या ताब्यात गेले. वऱ्हाडच का? कारण तेथे काळी जमीन आणि कापूस होता. पुढे रेल्वे आली, १८७० मध्ये खामगावच्या कापूस बाजाराच्या उद्घाटनाला खुद्द व्हाइसरॉय लॉर्ड मेयो आले. १९०२ मध्ये लॉर्ड कर्झनने निजाम महबूब अली खान यांच्याकडून वऱ्हाड वर्षाला २५ लाख रुपयांवर कायमच्या पट्ट्याने लिहून घेतले. ज्या फौजेची गरज मालकाने ठरवलीच नव्हती, तिच्या बिलात मालकाची सर्वांत चांगली जमीन गेली.

मिसरमध्ये हेच घडले. १८६९ मध्ये सुएझ कालवा सुरू झाला. खेदिव इस्माईल कर्जात बुडाला, १८७५ मध्ये त्याने कालव्याचे शेअर इंग्रज सरकारला विकले, १८७६ मध्ये हप्ते थांबले आणि युरोपच्या सावकारांचे अधिकारी त्याच्या खजिन्यावर बसले. १८८२ मध्ये इंग्रजी फौज उतरली. आधी वही आली, मग तोफ.

पाचवा प्रकार : कायदा आणि जकात

कपड्याच्या धंद्यातील लोकांना हा प्रकार सर्वांत जवळचा. इंग्लंडमध्ये आपल्या छापील कपड्याची मागणी वाढली तेव्हा तेथील सरकारने १७०० आणि १७२१ मध्ये कायदे करून तो बंद केला. आपले कारखाने उभे राहीपर्यंत त्यांनी परका माल अडवला. गिरण्या तयार झाल्यावर तेच सरकार मुक्त व्यापाराचे गुण गाऊ लागले. १८८२ मध्ये भारतात येणाऱ्या विलायती कपड्यावरील जकात काढून टाकण्यात आली. तोवर मुंबईत आपल्याही गिरण्या निघाल्या होत्या. कावसजी दावर यांनी १८५४ मध्ये पहिली गिरणी काढली होती. पुढे सरकारला पैशाची अडचण आली, पुन्हा जकात बसवावी लागली. तेव्हा लँकेशायरच्या गिरणीवाल्यांनी ओरड केली. म्हणून १८९६ मध्ये विलायती कपड्यावर साडेतीन टक्के जकात, आणि भारतीय गिरणीच्या कपड्यावरही साडेतीन टक्के अबकारी! आपल्याच देशात आपल्याच मालावर, परक्याला त्रास होऊ नये म्हणून कर. ही अबकारी थांबायला १९२५ साल उजाडावे लागले.

रेल्वेचेही असेच. १६ एप्रिल १८५३ रोजी गाडी ठाण्यापर्यंत आली, १८५४ मध्ये कल्याणपर्यंत. रेल्वेने धंदा वाढला यात शंका नाही. तिच्यामुळेच आम्ही आज येथे आहोत. परंतु विलायती भागधारकांना पाच टक्के व्याजाची हमी दिली होती, आणि ती भारताच्या महसुलातून. नफा झाला तर त्यांचा, तोटा झाला तर आपला.

या सगळ्याचा मार आपल्या मोमीन विणकर बिरादरीने सोसला. १८५७ नंतर आझमगढ, मऊ, बनारस या बाजूचे विणकर मोठ्या संख्येने निघाले. कोणी मालेगावला थांबले, कोणी भिवंडीला, कोणी मुंबईच्या मदनपुऱ्यात. एका बाजूने बंडानंतरची धरपकड, दुसऱ्या बाजूने गिरणीचा स्वस्त कपडा. परंतु हात थांबले नाहीत. मालेगावची रंगीत साडी आणि भिवंडीचा माग याच लोकांनी उभा केला. आमच्या दुकानातला कोरा कपडा आजही भिवंडीहून येतो.

सहावा प्रकार : माणूस हलवणे

शब्दाच्या खऱ्या अर्थाने वसाहत ती हीच. कोठे गोरे लोक जाऊन वसले आणि मूळच्या लोकांची जमीन घेतली, जसे १८३० नंतर फ्रेंचांनी अल्जीरियात केले. तो देश १९६२ मध्ये सुटला. कोठे मळे काढले आणि मजूर दुसरीकडून आणले. मॉरिशसमध्ये १८३४ पासून करारावर मजूर नेले गेले. त्यांत मुंबई बंदरातून गेलेले मराठी लोकही होते. त्यांचे वंशज आजही तेथे आहेत. करार कागदावर होता, अंगठा मजुराचा होता, पण काय लिहिले आहे ते वाचता येणारा त्यांत क्वचितच असे.

मग आपण काय शिकायचे?

एक खुलासा आधी करतो. प्रत्येक मोठा व्यापारी म्हणजे ईस्ट इंडिया कंपनी नव्हे, आणि प्रत्येक उधारी म्हणजे गुलामी नव्हे. कंपनीच्या मागे फौज आणि कायदा होता. तो फरक विसरून कोणालाही वसाहतवादी म्हणणे हा अन्याय आहे. तसेच सगळा दोष परक्याचा, हेही खरे नाही. दलाल, गुमास्ते, सावकार आपलेच होते. परंतु वाट, पेशगी, कर्ज आणि नियम ही हत्यारे फौजेशिवायही चालतात, हे धंद्यात असणाऱ्याने ओळखले पाहिजे.

काही वर्षांपूर्वी आम्ही स्वतः फसलो होतो. एका मोठ्या पार्टीने नव्वद दिवसांच्या उधारीवर माल देऊ केला. अट इतकीच की दुसऱ्याचा माल दुकानात ठेवायचा नाही. आम्ही खूश झालो. वर्षभरात मीटरमागे भाव बाजारापेक्षा वर गेला, पण बोलण्याची सोय नव्हती, कारण जुनी बाकी उभी होती. त्यातून बाहेर पडायला अडीच वर्षे लागली. तेव्हा आम्हाला दादनीचा अर्थ समजला.

खरी शरम मात्र नंतर वाटली. आमच्याकडे शिलाईचे काम करणारा एक कारागीर आहे. ईदच्या आधी त्याने उचल घेतली होती. त्याला कॅम्प ५ मधील जीन्सच्या कारखान्यात पीसमागे जास्त मजुरी मिळत होती. आम्ही सांगितले, "आधी बाकी फेड, मग जा." तो मान खाली घालून मशीनवर बसला. बाकी किती, हे त्याला ठाऊक नव्हते. वही आमच्याकडे होती. या लेखासाठी टिपणे काढताना गुमास्त्याची हकिकत लिहिली आणि कलम थांबली. आम्ही त्यापेक्षा वेगळे काय करीत होतो?

दुसऱ्या दिवशी त्याला बोलावून हिशोब मांडला. दोन वह्या केल्या, एक त्याच्याकडे, एक आमच्याकडे. दर आठवड्याला थोडी रक्कम वळती करायची ठरले, आणि काम कोठे करायचे ते त्याच्या मर्जीवर सोडले. तो जीन्सच्या कारखान्यात गेला. आमची ऑर्डर पंधरा दिवस उशिरा गेली, एक गिऱ्हाईक नाराज झाले. परंतु बाकी तो नियमाने आणून देतो. कुरआन शरीफातील सर्वांत लांब आयत सूरह बकरहमध्ये आहे आणि ती देण्याघेण्याचा व्यवहार लिहून ठेवण्याविषयी आहे. आम्ही ती अनेक वेळा तिलावत केली होती. अमल आता केला.

म्हणून वाचक बंधूंना विनंती की आपला धंदा या पाच प्रश्नांवर तपासावा :

१) माझा माल ज्या वाटेने गिऱ्हाइकापर्यंत जातो ती वाट एकाच्याच हातात आहे का? आज ऑनलाइन विक्री करणारे बरेच जण एकाच कंपनीवर अवलंबून आहेत. कमिशन वाढले तर दुसरा दरवाजा उघडा असावा.

२) उधारी घेताना भाव कोण ठरवणार, हे आधी लिहिले आहे का? मोकळ्या भावाची उधारी घेऊ नये.

३) भाव चढलेला असताना कोणी न मागता कर्ज देत असेल तर १८६५ आठवावे. तेजीतले कर्ज मंदीत फेडावे लागते.

४) ज्याच्या खर्चाचा निर्णय माझा नाही, त्याचे बिल माझ्या नावावर येते का? निजामाचे वऱ्हाड अशाच बिलात गेले.

५) माझ्याकडून उचल घेतलेल्या कारागिराला आपली बाकी ठाऊक आहे का? हिशोबाची नक्कल त्याच्या हातात आहे का? त्याला दुसरीकडे जाण्याची मुभा आहे का?

पहिले चार प्रश्न आपल्याला कोणी दाबू नये म्हणून आहेत. पाचवा आपण कोणाला दाबू नये म्हणून. आमच्या अनुभवाने पहिले चार प्रश्न लोक आवडीने ऐकतात आणि पाचव्याला घड्याळ पाहतात. परंतु हिशोबाच्या दिवशी विचारणा पाचव्याचीही होणार आहे. या आठवड्यात जुमाच्या नमाजनंतर तासभर काढून प्रत्येकाने आपल्या कारागिरांच्या बाकीची वही उघडावी, त्यांना समोर बसवून वाचून दाखवावी आणि नक्कल द्यावी.

अल्लाह तआला आपल्या सर्वांना हलाल रोजी, साफ हिशोब आणि धंद्यात बरकत देवो. आमीन.